सरकीच्या पाकिटावरचं नाव

वर्धा नदीकाठच्या शेतकऱ्याच्या वाट्याला दोन तऱ्हेची लागवड येते. एक संत्र्याचं कलम, दुसरी संकरित कपाशीची सरकी. शेंदुरजना घाटाच्या रोपवाटिकेत जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरला, की वाढणारं झाड मूळ झाडाचाच तुकडा असतं. त्याचं नाव टिकतं, कारण ते झाडच डोळ्याडोळ्यानं पुढं चालत राहतं. संकरित कपाशीचं असं होत नाही. पीकेव्ही हायब्रीड-2 नावाचं एखादं मूळ झाड कुठं जपून ठेवलेलं नाही. एके-32 ही आई आणि डीएचवाय-286-1 हा बाप एकाच प्लॉटमध्ये लावायचे, फुलाफुलाला हात लावायचा आणि तो वाण दर हंगामात नव्यानं घडवायचा. त्या पिकाची सरकी घरी राखून पुढल्या मृगात डोबली, तर उगवणारी झाडं एकमेकांसारखी निघत नाहीत. एखादं उंच सुटतं, एखादं खुजं राहतं. एकाचं बोंड दिवाळीला फुटतं, दुसऱ्याचं संक्रांत पाहतं. संकरित वाणाच्या बाबतीत शेतकऱ्याकडे एका सालाहून दुसऱ्या सालात जाणारी गोष्ट एकच उरते, आणि ती म्हणजे त्या वाणाचं नाव. जूनमध्ये कृषी केंद्राच्या काउंटरवर तो तेच नाव उच्चारतो आणि त्याच्या भरवशावर वर्षाचा पैसा जमिनीत घालतो.

हे पुस्तक अशा नावांचं आहे. कपाशीचे नवे वाण कोणी घडवले, कोणत्या दोन झाडांपासून, कशासाठी आणि त्यांना नाव देताना काय सांगितलं, काय झाकलं, याचा हा मागोवा. त्यासाठी निवडलेला मुलूख वऱ्हाडाचा, आणि आरंभ कौंडण्यपूरचा. तिवसा तालुक्यातल्या या गावाला परंपरा विदर्भाची प्राचीन राजधानी आणि रुक्मिणीचं माहेर मानते. मोरेश्वर दीक्षितांनी केलेल्या उत्खननाचा अहवाल 1968 साली प्रसिद्ध झाला आणि इथल्या वस्तीचं जुनेपण पुराव्यानिशी पुढं आलं. आषाढी वारीसाठी रुक्मिणीमातेची पालखी पंढरीची वाट धरते तो काळ वखरणी आटोपून पावसाकडे डोळे लावण्याचा. नदीच्या अलीकडे अमरावती, पलीकडे आर्वी आणि पुढं हिंगणघाट; दोन्ही तीरांवर काळी माती आणि तिच्यात पऱ्हाटी. नव्या वाणाची परीक्षा अखेर अशाच कोरडवाहू वावरात होते. प्रयोगकेंद्रावरचे आकडे तिथं पोचेपर्यंत बरेच खाली आलेले असतात.

संकरित वाण येण्याआधीही इथल्या कापसाला नावं होती. एकोणिसाव्या शतकात या टापूची ‘बनी’ आपल्या तलम, लांब धाग्यासाठी नावाजलेली होती. व्यापारी तिला हिंगणघाटच्या नावानं ओळखत. तिच्या शेजारी ‘जरी’ नावाचा मिसळीचा, आखूड धाग्याचा कापूस होता. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली गेला. पुढं 1861 ते 1865 या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांची नजर इकडे वळली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा खास कापूस आयुक्त नेमला गेला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. एवढा गाजावाजा होऊनही टिकला तो जाडाभरडा कापूस. बनीच्या रुईचा उतारा कमी होता, आणि तलमपणासाठी मिळणारा जास्तीचा पैसा ती तूट भरून काढत नव्हता. शंभर किलो कापसातून कोण जास्त रुई देतो, या हिशेबात बनी हरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेती खात्यानंही भरघोस उताऱ्याच्या ‘रोझियम’ची शिफारस केली. त्यानंतर ‘व्हेरम’ आलं आणि त्यातून निवडलेले व्हेरम-262, व्हेरम-434 असे आकडेवाले वाण पसरले.

नावांचा पहिला मोठा पालट इथंच झाला. बनी हे नाव गावानं आणि बाजारानं मिळून दिलेलं होतं. बी घरचं, ओळख डोळ्यांची, आणि चुकलं तर शेजारी सांगायला हजर. रोझियम, व्हेरम ही वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लॅटिन वर्गीकरणातून उतरलेली नावं होती आणि त्यांच्यामागचा आकडा प्रयोगकेंद्राच्या वहीतला होता. पुढच्या बुरी-107, एल-147, एके-235, एके-277 या वाणांची तीच तऱ्हा. शेतकऱ्याला त्या अक्षरांतून काही कळत नसे, तरी नुकसान मोठं नव्हतं, कारण हे सगळे सरळ वाण होते. एकदा बी आणलं की चार-पाच वर्षं घरच्या सरकीवर भागायचं. नाव विसरलं तरी बी घरात असायचं.

संकरानं हा आधार काढून घेतला. 1970 साली सुरतच्या कापूस संशोधन केंद्रातून चंद्रकांत पटेल यांचा संकर-4, म्हणजेच एच-4 बाहेर पडला. व्यापारी लागवडीसाठी आलेला कापसाचा जगातला पहिला संकरित वाण तो हाच. गुजरात-67 ही आई, अमेरिकन नेक्टरीलेस हा बाप. दोनच वर्षांनी धारवाडहून बी. एच. कटारकी यांचा ‘वरलक्ष्मी’ आला. त्यानं अमेरिकन कपाशीचा लांब धाग्याच्या बार्बाडेन्स कपाशीशी संकर करून दोन जातींमधली भिंत ओलांडली. या घडामोडींच्या थोडंसं आधी, 20 ऑक्टोबर 1969 रोजी, अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झालं होतं. त्याला ज्यांचं नाव आहे ते पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. 1976 मध्ये महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाचं, म्हणजे महाबीजचं मुख्यालय अकोल्यात आलं आणि नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था सुरू झाली. वाण घडवणारं विद्यापीठ, त्याचं बी वाढवणारं महामंडळ आणि देशभरच्या कपाशीचा अभ्यास करणारी संस्था अशी सगळी मांडणी सात वर्षांत वऱ्हाड-नागपूरच्या पट्ट्यात उभी राहिली. पीकेव्ही हायब्रीड-2 हे या मांडणीचं फळ. मराठवाड्यात नांदेडच्या केंद्राचा एनएचएच-44 आला तोही त्याच सुमारास.

संकर म्हणजे नेमकं काय करावं लागतं, हे पुस्तकात चित्रांसह येणारच आहे, पण त्याची थोडी कल्पना इथं दिली पाहिजे. त्याशिवाय नावाची किंमत लक्षात येणार नाही. कपाशीचं फूल सकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडून मिटतं. त्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे मोकळं सोडलं तर ते बहुधा स्वतःच्याच परागांनी फळतं. म्हणून आईच्या ओळीतली उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची. अंगठ्याच्या नखानं पाकळ्यांच्या बुडाशी गोल चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी पीळ देऊन अलगद उपटायची. आत उरते बीजकोश आणि वर निघालेली कुक्षी. नख जरा खोल गेलं की बीजकोश दुखावतो आणि बोंड गळतं. जरा वर राहिलं की परागकोश मागं राहतात आणि संकर फसतो. कळीला लाल कागदाची टोपी घालायची. लाल अशासाठी, की हिरव्या रानात ती दुसऱ्या दिवशी लांबून दिसावी. सकाळी ऊन चढायच्या आत बापाच्या ओळीतली ताजी फुलं तोडून आणायची आणि टोपी काढून कुक्षीवर पराग घासायचा. एका नरफुलावर चार-पाच कळ्या होतात. मग खुणेचा दोरा बांधायचा. हे काम दीड-दोन महिने रोज चालतं. सुट्टी घेतली तर त्या दिवसाची फुलं स्वतःच फळून मोकळी होतात आणि शुद्धता बिघडवतात.

याचा हिशेब मांडून पाहावा. अमेरिकन कपाशीच्या शंभर सरक्यांचं वजन साधारण 8 ते 10 ग्रॅम भरतं. म्हणजे 450 ग्रॅमच्या पाकिटात पाच हजारांच्या आसपास सरक्या. एका संकरित बोंडात पंचवीस सरक्या धरल्या तरी एका पाकिटामागं सुमारे दोनशे बोंडं होतात. दोनशे कळ्या कोणीतरी संध्याकाळी नखानं सोलल्या आणि सकाळी पुन्हा हाताळल्या. जी गळाली ती वेगळीच. हे हात बहुतेक बायांचे असतात. आंध्र, कर्नाटक, गुजरातच्या बियाणे प्लॉटवर लहान मुलींकडून हे काम करून घेतल्याच्या नोंदी अभ्यासकांनी करून ठेवल्या आहेत, त्याही या पुस्तकानं टाळलेल्या नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाकडे बियाण्याच्या प्लॉटवर राबणाऱ्या बायांना आई कोणती, बाप कोणता हे रांगेवरून ठाऊक असतं. पाकिटावर काय छापलं जाणार, हे मात्र त्यांना क्वचितच कळतं. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील असे कापूस पिकवणारे मोठे देश प्रामुख्यानं सरळ वाणांवर चालतात. भारतात संकरित कपाशी एवढी पसरली, त्यामागं या स्वस्त हातांचा मोठा वाटा आहे.

नख वाचवण्याची एक वाट अकोल्यानं शोधली होती. आईच्या झाडाला परागच धरू नयेत अशी नरवंध्य एके-32 तयार केली, की सोलायचं काम संपतं. पराग घासणं तेवढं उरतं. पीकेव्ही हायब्रीड-3 याच मार्गानं घडला. त्याची आई सीएके-32ए, बापाचं घराणं हायब्रीड-2 चंच. आई-बापांची नावं शेजारी ठेवून वाचली, की हायब्रीड-2 आणि 3 ही सख्ख्या नात्यातली आहेत हे कोणालाही दिसतं. नुसते 2 आणि 3 वाचले, तर दिसत नाही.

आता नावांकडे येऊ. भारतीय कपाशीच्या नावांत कधीकधी अख्खी वंशावळ दडलेली असते. कोइमतूरचा ‘सुविन’ हा लांब, रेशमी धाग्याचा वाण ‘सुजाता’ आणि ‘सेंट व्हिन्सेंट’ यांच्या संकरातून निवडलेला. दोघांची पहिली अक्षरं मिळून त्याचं नाव झालं. एलआरए-5166 मध्ये लक्ष्मी, रेबा बी-50 आणि एसी-122 या तीन पूर्वजांची आद्याक्षरं आहेत. एमसीयू म्हणजे मद्रास, कंबोडिया, युगांडा, अर्थात त्या बियाण्यानं केलेला प्रवास. वरलक्ष्मीच्या आईचं नाव लक्ष्मी. एकेएचा अर्थ अकोल्याची आर्बोरियम, म्हणजे देशी कपाशी; एकेएच म्हणजे अकोल्याची हिरसुटम, म्हणजे अमेरिकन. हा फरक वावरात फार मोलाचा आहे. देशी कपाशीच्या पेशीत 26 गुणसूत्रं, अमेरिकनच्या पेशीत 52. दोहोंचा संकर केला तर 39 गुणसूत्रांचं, बहुधा वांझ झाड येतं. देशी झाड रसशोषक किडी आणि पाण्याचा ताण अधिक सोसतं, अमेरिकन धागा लांब देतं. म्हणजे नावातलं एक अक्षर फवारणीचा आणि भावाचा अंदाज देतं. 1972 पासून चाललेल्या एकाधिकार खरेदी योजनेत वाणानुसार आणि प्रतीनुसार भाव ठरायचे, तेव्हा वाणाचं नाव गाडीवरच्या प्रत्येकाला पाठ असायचं.

फुलांच्या जगात नावांची रीत वेगळी आहे, आणि ती समजून घेतल्यानं आपली बाजू उजळते. कॅमेलिया हे चहाच्याच कुळातलं शोभेचं झुडूप. त्याला थंड हवा आणि आम्ल माती लागते, वऱ्हाडच्या चुनखडीच्या काळ्या रानात आणि मे महिन्याच्या उन्हात ते जगणार नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये जे. सी. विल्यम्स यांनी 1920 च्या दशकात चीनच्या युन्नानहून आलेल्या सालुएनेन्सिस कॅमेलियाचा जपानी कॅमेलियाशी संकर केला. त्या सगळ्या वंशाला आज ‘विल्यम्साय’ म्हणतात. त्यातला 1941 चा ‘डोनेशन’ जगभर लावला जातो, आणि कुठलाही ‘डोनेशन’ हा त्याच एका झुडुपाच्या फांदीचा पुढचा भाग असतो, आपल्या संत्र्यासारखाच. म्हणून त्या नावाची राखण सोपी आहे. 1962 मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कॅमेलिया संस्था या नावांची नोंदवही ठेवते आणि तेच नाव दुसऱ्या झुडुपाला पडू देत नाही. आपल्याकडे बी. पी. पाल यांच्या कामात हे दोन रिवाज शेजारी दिसतात. गव्हाच्या वाणाला त्यांनी एनपी-809 म्हटलं. स्वतः घडवलेल्या गुलाबांना मात्र ‘रोझ शरबत’, ‘दिल्ली प्रिन्सेस’. पिकाला आकडा आणि फुलाला नाव, ही वाटणी बराच काळ चालली. कापूस बाजाराच्या हाती गेला तेव्हा ती मोडली.

ते वळण मार्च 2002 मध्ये आलं. बोंडअळीविरुद्धच्या बीटी जनुकाच्या तीन संकरित वाणांना केंद्राची परवानगी मिळाली : मेक-12, मेक-162 आणि मेक-184. जनुक मोन्सँटोचं, वाण जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये उभ्या केलेल्या महिकोचे. दहा वर्षांत बीटी संकरित वाणांची संख्या हजारावर गेली. बन्नी, मल्लिका, राशी, अंकुर, अजित ही नावं पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात ऐकू येऊ लागली. त्यांत लाड होता, लक्षात राहण्याची सोय होती, पण वंशावळ नव्हती. आई-बाप कंपनीचं गुपित झाले. गावातल्या दुकानात वीस-पंचवीस पाकिटं टांगलेली असतात आणि त्यांपैकी कोणती एकमेकांची जवळची भावंडं आहेत, हे सांगायला कोणी नसतं. शेतकरी धोका वाटून घेण्यासाठी तीन वेगळी नावं लावतो. ती तीनही एकाच आईची असू शकतात, म्हणजे एकाच रोगाला एकदम बळी पडू शकतात. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भात हाहाकार केला, तेव्हा पाकिटं निरनिराळ्या नावांची होती आणि आतली जनुकं बहुतेक तीच दोन होती. मधल्या काळात अकोल्याच्या हायब्रीड-2 ला आणि नांदेडच्या एनएचएच-44 लाही बीटी रूप मिळालं. सार्वजनिक वाणांना बाजारात परत आणण्याचा तो प्रयत्न आहे.

कायदा याबाबत काय म्हणतो, ते प्रत्येक कास्तकारानं एकदा वाचावं असं आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 चा. त्याच्या सतराव्या कलमानुसार नोंदणीसाठी येणाऱ्या प्रत्येक वाणाला एकच आणि वेगळं नाव द्यावं लागतं. नाव नुसत्या आकड्यांचं चालत नाही. वाणाच्या गुणांबद्दल किंवा तो घडवणाऱ्याबद्दल दिशाभूल करणारं चालत नाही. दुसऱ्या नोंदलेल्या नावासारखं चालत नाही. धर्मभावना दुखावणारं नाव नोंदवायला निबंधक नकार देऊ शकतो, आणि भौगोलिक नावावरही बंधन आहे. उद्या कोणी आपल्या वाणाला ‘कौंडण्यपूर’ म्हणायचं ठरवलं, तर त्याला हे कलम आडवं येईल. याच कायद्याचं एकोणचाळिसावं कलम शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क देतं. अट एवढीच, की संरक्षित वाणाचं बी त्याच्या नावाचं लेबल लावून विकता येणार नाही. बी विकता येतं, नाव विकता येत नाही. सरळ वाणाच्या बाबतीत हा हक्क खरा आणि मोठा आहे. संकरित कपाशीत मात्र राखलेलं बी मूळ वाणासारखं उतरतच नाही, तेव्हा कायद्यानं दिलेला हक्क वनस्पतीच्या स्वभावानंच पोकळ होतो, आणि जे खरोखर मोलाचं आहे ते नाव कंपनीकडे राहतं. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे : वाण घडवणाऱ्यानं सांगितलेल्या परिस्थितीत सांगितल्याप्रमाणे पीक आलं नाही, तर शेतकरी भरपाई मागू शकतो. ती मागायची तर पाकीट आणि पावती हाताशी लागते. आपल्याकडे पेरणी झाली की पाकीट बांधावर उडतं.

या पुस्तकाचं म्हणणं या सगळ्यातून निघतं. संकर हा वाईट नाही. एच-4 आणि वरलक्ष्मीनं भारताला लांब धाग्याचा कापूस दिला. हायब्रीड-2 नं वऱ्हाडच्या अनेक घरांना चार पैसे दाखवले. जो वाण दरवर्षी विकतच घ्यावा लागतो, त्याच्या नावात मात्र विकत घेणाऱ्याला पुरेशी माहिती असली पाहिजे, एवढंच मागणं आहे. आई कोण, बाप कोण, देशी की अमेरिकन, किती दिवसांचा, कोणतं जनुक, कोणत्या जमिनीत तपासलेला, हे पाकिटाच्या दर्शनी बाजूला मराठीत यावं. विद्यापीठं आपल्या शिफारशींत हे सारं छापत आली आहेत, तेव्हा ते अशक्य आहे असं कोणाला म्हणता येणार नाही. खासगी कंपन्यांना आई-बापांची बीजं सांभाळायचा अधिकार आहे, तो राहावा. निदान दोन पाकिटांत एकच आई आहे की नाही, एवढं तरी घेणाऱ्याला कळावं.

पुढच्या प्रकरणांत वाणवार टिपणं आहेत. ज्यांची वंशावळ प्रसिद्ध झाली आहे त्यांचे आई-बाप आणि शिफारस दिली आहे. ज्यांची झालेली नाही, तिथं रकाना कोरा ठेवला आहे. शिक्षकांनी हे रकाने वर्गात वाचावेत, आणि कास्तकारांनी मृगाआधी दुकानात जाताना पुस्तक सोबत न्यावं. दुकानदारानं नाव सांगितलं, की ‘याची माय कोणती?’ असं विचारावं. उत्तर पहिल्या वर्षी मिळणार नाही. पाच गावांतल्या पन्नास जणांनी सलग विचारलं, तर दुकानदार वितरकाला विचारेल, वितरक कंपनीला, आणि कोरे रकाने भरू लागतील.